भिंतीपलीकडे गेलेला माऊस

आमच्या कचेरीच्या तक्रारवहीत त्या दोन महिन्यांत माऊसच्या एकंदर चौदा तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांतल्या अकरा माझ्या. अक्षर माझं, सही माझी, वेळ मिनिटासकट लिहिलेली. एकही खोटी नव्हती. तरी त्या वहीचा विषय निघाला की मला अजून स्वतःचा राग येतो, आणि ती ज्याच्या हातात शस्त्र म्हणून गेली त्या माणसाचा तर येतोच येतो. लिहायचं आहे ते मामांबद्दल. पण रागाला आधी बसायला जागा दिल्याशिवाय तो मला पुढे लिहू देणार नाही.

मामा म्हणजे आमच्या कचेरीतले कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ. तोंडावर मामा, पाठीमागे उंदीरमामा, कारण त्यांच्या खोलीत दोरीला शेपटीनं बांधलेले पंधरा-वीस जुने माऊस लटकलेले असत. हे नाव त्यांना ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "चांगलंय की. निदान उंदीर तरी मला मामा मानतात." स्वभावानं हट्टी, वायरींच्या खणाला कुणी हात लावला तर दोन दिवस बोलणं बंद, आणि कौतुक केलं की कान लाल. बारीक अंगाचा, नेहमी उजवा हात खिशात घालून उभा राहणारा माणूस. ती त्यांची ऐट आहे असं आम्ही समजत होतो.

आमचं काम नकाशांचं. वरून काढलेल्या फोटोंवरून जमिनीच्या हद्दी, नाले, विहिरी, पायवाटा यांच्या रेघा ओढायच्या. प्रत्येकाच्या टेबलावर तीन कॉम्प्युटर. डावीकडे फोटो, मध्ये नकाशा, उजवीकडे जुन्या नोंदी. तिघांचे प्रोग्रॅम तीन वेगवेगळ्या काळातले, एका घरात नांदायला मुळीच तयार नसलेले, म्हणून तीन संसार वेगळे मांडलेले. पूर्वी त्यांचे माऊसही तीन होते. मग फोटोचा समजून नोंदींचा माऊस फिरवायचा, पडद्यावरचा बाण हलत नाही म्हणून टेबल आपटायचं, असा दिवसभर गोंधळ. आमच्या मुख्य आरेखकांनी एकदा बराच वेळ चष्म्याची डबी फिरवली होती आणि आज नेटवर्क फार मंद आहे असं जाहीर केलं होतं.

हा गोंधळ मामांनी मिटवला. त्यांनी असा एक प्रोग्रॅम बसवला की एकच माऊस तिन्ही पडद्यांवर चालावा. डाव्या पडद्याच्या कडेला बाण नेला की तो मधल्यावर निघायचा, तिथून उजव्यावर. ज्या कॉम्प्युटरला माऊस खरोखर जोडलेला असे त्याला ते यजमान म्हणत, बाकीच्या दोघांना पाहुणे. कोण कुणाच्या डाव्या-उजव्या हाताला बसला आहे, याची एक यादी यजमानाजवळ असायची. त्या यादीला कुलूप होतं आणि त्याचा पासवर्ड फक्त मामांना ठाऊक होता. पुढे तो आणखी एकाला ठाऊक झाला.

बिघाड शोधायची त्यांची एक रीत होती. आले की लगेच माऊसला हात लावायचे नाहीत. आपल्या मागे पाच मिनिटं गप्प उभे राहायचे आणि आपण काम कसं करतो ते बघायचे. आधी माणूस बघायचा, मग माऊस, असं त्यांचं म्हणणं. मुख्य आरेखकांचा बाण रोज दुपारी मधल्या पडद्यावर अडकून पडायचा, तेव्हा साऱ्या कचेरीनं आपापली अक्कल पाजळून झाली होती. मामा मागे उभे राहिले आणि चौथ्या मिनिटाला त्यांनी आरेखकांचा जेवणाचा डबा कीबोर्डवरून उचलून बाजूला ठेवला. डब्याच्या काठाखाली एक बटण दाबलं जायचं आणि त्या बटणानं बाण त्या पडद्यापुरता कैद व्हायचा. कुणाचा बाण उड्या मारत असेल तर ते बिनवायरीच्या माऊसचं कॉम्प्युटरला खोचलेलं छोटं बोंडूक बाहेरून जोडलेल्या डिस्कपासून लांब न्यायचे; कुणाचा बाण कडेवर अडखळत असेल तर दोन पडद्यांची मापं जुळवायचे. आणि बाण भलत्याच ठिकाणी जाऊन आल्याचा संशय असेल तर त्यांची एक खास युक्ती होती. या प्रोग्रॅममध्ये एका कॉम्प्युटरवर कॉपी केलेलं बाणाबरोबर दुसऱ्यावर येतं. तेव्हा बाण परत आला की ते कोऱ्या पानावर पेस्ट करून बघत. "कुठं गेला होता ते तो सांगत नाही," म्हणायचे, "पण येताना काय घेऊन आलाय ते बघितलं की कळतं."

ज्याला पासवर्ड ठाऊक झाला तो मामांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशीला टेकलेला, गोड बोलणारा, तीन नोकऱ्या सोडून किंवा सुटून आलेला. मामांनी कचेरीच्या साहेबांच्या हातापाया पडून त्याला हाताखाली घेतला. आल्या दिवसापासून सगळे त्याला मेहुणे म्हणू लागले. एका माणसाचा मेहुणा बघता बघता साऱ्या कचेरीचा झाला. मामांनी त्याला हातचं काही राखून न ठेवता शिकवलं. ज्या खणाला आम्ही हात लावू शकत नव्हतो त्याची किल्ली त्याच्याकडे. दुरुस्तीच्या खोलीतला सात नंबरचा कॉम्प्युटर त्याला दिला आणि तिथं बसल्या बसल्या कुठल्याही टेबलाची यादी उघडता येईल अशी सोयही करून दिली. मी एकदा म्हटलं की मामा, जरा जपून. तर ते म्हणाले, घरचाच आहे तो.

मग माझा माऊस बिघडला. माझं टेबल दुरुस्तीच्या खोलीच्या भिंतीला लागून. रेघ ओढता ओढता बाण उजव्या पडद्याच्या कडेला जायचा आणि नाहीसा व्हायचा. तिकडे पुढे काहीच नव्हतं, नुसती भिंत. कितीही माऊस घासा, बाण नाही. कधी दहा मिनिटांनी आपला आपण परत यायचा, कधी अर्धी रेघ मोडून जायची. मी दुरुस्तीच्या खोलीत फोन करायची, फोन मेहुणा घ्यायचा, आलोच म्हणायचा, आणि पाठोपाठ मामा यायचे. मामा आले की माऊस सुतासारखा सरळ. पाच मिनिटं मागे उभे राहायचे, काही दिसायचं नाही. यादी उघडून बघायचे, तीही ठीक. माऊसचा डोळा कापसानं पुसला, टेबलावरची चकचकीत काच काढून कापडी चटई घातली, वायर बदलली, शेवटी माऊसच बदलला. ते पाठ फिरवून गेले की तासाभरात बाण पुन्हा गुल. मी पुन्हा वही उघडायची. एकदा तर तोंडावरच बोलले, "मामा, तुम्हाला सापडत नसेल तर सांगा तरी." हे वाक्य मी परत घेऊ शकले असते तर बरं झालं असतं.

साहेबांनी एका सोमवारी मामांना बोलावलं. दार उघडं होतं, आम्ही ऐकलं. शुक्रवारपर्यंत हा बिघाड निघाला नाही तर दुरुस्तीचं सगळं काम बाहेरच्या मंडळींना द्यायचं आणि मामांना वेळेआधीच निवृत्त करायचं, असं वरून ठरलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यापुढे वही उघडी होती. मामांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. ते म्हणाले, "एकोणतीस वर्षं झाली साहेब. माझ्या तारखेला जाऊ द्या. नालायक म्हणून नको." साहेब शुक्रवारपर्यंत बघू म्हणाले. बाहेर आल्यावर मामा कुणाकडे न बघता सरळ आपल्या खोलीत गेले, आणि मेहुणा त्यांच्यासाठी खुर्ची ओढून उभा होता.

ते चार दिवस मामांनी जे केलं ते बघवत नव्हतं. सकाळी सर्वांच्या आधी यायचे. माझ्या टेबलाखाली उताणे पडून वायर अन् वायर हातानं चाचपायचे. मेहुणा बॅटरी धरून शेजारी उकिडवा बसलेला. दाजी, तुम्ही थकलात, दाजी, जरा पाणी घ्या, असं सारखं चाललेलं. मला तेव्हा त्याचं कौतुकच वाटलं होतं. बघा, आम्ही माणसं ओळखण्यात किती हुशार!

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला साहेबांच्या कारकुनाकडे प्रिंटर अडकला म्हणून मेहुणा तिकडे गेला. माझा बाण त्याच सुमाराला गेला होता, पण मी फोन केला नाही. बाराव्यांदा वहीत लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी नुसती बसून राहिले. आणि न बोलावता मामा आले आणि माझ्या मागे उभे राहिले. आधी फोन झालेला नव्हता, मध्ये कुणी काही आवरून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे दोन महिन्यांत पहिल्यांदा तो बिघाड त्यांनी जिवंत पाहिला.

"उठा बाई," ते म्हणाले. बसले, डाव्या हातानं माऊस धरला आणि हळूहळू डावीकडे ओढत राहिले. बाण उजव्या कडेतून परत आला. पुन्हा उजवीकडे नेला, गेला. पुन्हा ओढला, आला. "पलीकडे कुणीतरी आहे," ते म्हणाले. ते बोलताना त्यांचा चेहरा खुलला होता, हे मला लिहायलाच हवं. बिघाड सापडत आला की ते असेच पोरासारखे व्हायचे. त्यांनी मधल्या पडद्यावर कोरं पान उघडलं आणि पेस्ट केलं.

पान मजकुरानं भरून गेलं. अर्ज होता, आमच्या साहेबांच्या नावानं. सदर गृहस्थांचा उजवा हात गेल्या वर्षापासून कापतो. कचेरीत ते ही गोष्ट लपवतात. घरी चहाचा कप त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागतो, रात्री शर्टाची बटणं पत्नीला काढून द्यावी लागतात. माऊसच्या वाढत्या तक्रारींचे कारण हेच असून सोबत तक्रारवहीतील चौदा नोंदींची प्रत जोडली आहे. तरी त्यांना प्रकृतीच्या कारणास्तव कामातून मोकळे करावे, आणि काम बाहेर न देता त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाचा त्या जागी विचार व्हावा. खाली मेहुण्याचं नाव.

मी मामांच्या खांद्यावरून वाचत होते. कचेरीत मामा कधी चहा घेत नसत. आम्ही त्यांना चिक्कू म्हणायचो, म्हणजे चहा घेतला तर कधीतरी पाजावा लागेल म्हणून घेत नाहीत, अशी आमची थट्टा. मामांनी अर्ज दोनदा वाचला. पहिल्यांदा भरभर. दुसऱ्यांदा कपाच्या ओळीशी थांबले ते थांबलेच. मग त्यांनी यादी उघडली. माझ्या उजव्या पाहुण्याच्या पलीकडे, भिंतीच्या जागी, चौथा पाहुणा बसवलेला होता. सात नंबर.

माझा माऊस दोन महिने भिंतीतून पलीकडच्या खोलीत जात होता. मी फोन केला की तो पाहुणा उठवला जायचा, मामा परतले की पुन्हा बसवला जायचा. इतकं साधं. मामांनीच शिकवलेल्या विद्येनं, मामांनीच दिलेल्या किल्लीनं. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला. फक्त बाणाबरोबर कॉपी केलेलंही जातं-येतं, एवढी एक गोष्ट मेहुण्यानं ध्यानात धरली नव्हती. तीही त्याला मामांनीच शिकवली होती, पण ती बहुधा तो ऐकत नसताना.

मी तिथल्या तिथे साहेबांकडे निघाले होते. मामांनी हातानं थांबवलं आणि दुरुस्तीच्या खोलीकडे चालू लागले. मी मागोमाग गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या दिवशी मला अडवायची कुणाची छाती नव्हती. मेहुणा नुकताच परत येऊन खुर्चीत बसत होता. सात नंबरच्या पडद्यावर अर्ज उघडाच होता.

"पाठवलास?" मामांनी विचारलं.

त्यानं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. नाही म्हणाला. दुपारी पाठवणार होता. मग एकदम बोलायला लागला, नेहमीच्या त्याच गोड आवाजात. दाजी, तुमच्या भल्याचंच आहे. बाहेरची माणसं आली तर तुम्हीही जाल आणि मीही जाईन, त्यापेक्षा जागा घरातल्या घरात राहिलेली काय वाईट. मामा त्याच्याकडे बघत होते, पण रागानं नाही. मला वाटतं, मेहुण्याची करणी त्यांनी माझ्या टेबलाशीच गिळून टाकली होती. नालायक मेहुणा हा काही जगात पहिलाच नव्हता. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"कपाचं तुला कुणी सांगितलं?"

मेहुण्यानं खुर्ची मागे सरकवली.

"तू घरी येतोस तेव्हा मी चहा घेत नाही. बटणांचं तर माझ्या मुलीलासुद्धा माहीत नाही."

"ताईनंच सांगितलं, दाजी," तो म्हणाला. "अर्ज तिनंच करायला लावला. दाजी आपणहून सोडायचे नाहीत, म्हणाली. माझ्यासमोर बसून तिनं मजकूर वाचला. बटणांचं वाक्य तिनं घालायला सांगितलं."

मामा शेजारच्या स्टुलावर बसले. खिशातून उजवा हात बाहेर काढून त्यांनी मांडीवर ठेवला, आणि तो कापत होता. दोन माणसांच्या समोर. मी मेहुण्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता. मामा मध्ये पडले नाहीत. ते ऐकत असावेत असंही वाटलं नाही. थोड्या वेळानं उठले, सात नंबरवरचा अर्ज स्वतः पुसला, आणि साहेबांकडे चला म्हणाले.

साहेबांसमोर मी तोंड उघडायच्या आत मामांनी सांगून टाकलं. सात नंबर चुकीनं यादीत जोडला गेला होता, काढून टाकला आहे, आता बिघाड येणार नाही. कुणी जोडला, साहेबांनी विचारलं. "माझ्या खोलीतून झालं, म्हणजे चूक माझी," मामा म्हणाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण मला ते सहन होईना, मी मामा म्हणून एक हाक मारली. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मग त्यांनी उजवा हात साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"आणि साहेब, हा हात कापतो. वर्ष झालं. काम मी डाव्यानं करतो. चालत असेल तर दीड वर्ष ठेवा, नाहीतर आज सांगा."

साहेबांनी हाताकडे पाहिलं. मग तक्रारवही मिटली. "डाव्यानं बिघाड सापडला ना? मग झालं," म्हणाले. बाहेरच्या मंडळींना नकार कळवायला त्यांनी माझ्यासमोर कारकुनाला सांगितलं. कारणाची जास्त चौकशी त्यांनी केली नाही. पुढच्या आठवड्यात मेहुण्याला त्यांनी मालाच्या कोठारात बदलून टाकलं, तेव्हा मला वाटलं की साहेबांना न सांगताही बरंच कळलं असावं.

दुपारी मी मामांच्या खोलीत गेले. ते खणातल्या वायरी गुंडाळून ठेवत होते. माझं मन भरून आलं होतं. वहीबद्दल, तोंडावर बोलले त्याबद्दल मी माफी मागितली. तुमच्या तक्रारी खऱ्याच होत्या बाई, म्हणाले, खरी तक्रार लिहायलाच हवी. मी म्हटलं, मामा, वहिनींनी काळजीपोटी केलं असेल. तुमचे हाल त्यांना बघवत नसतील. मी हे म्हणाले खरी, पण आपल्या नवऱ्याच्या शर्टाची बटणं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणारी ही कसली काळजी, ते मला अजून कळलेलं नाही. मामा म्हणाले, असेल. मग म्हणाले की जागा मागितली असती तर देऊन टाकली असती. हे मात्र खरं नव्हतं. ती जागा देवानं मागितली तरी त्यांनी दिली नसती, आणि हे त्यांच्या बायकोइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुटायची वेळ झाली. मी पिशवी उचलली. त्यांच्या टेबलावरचा फोन त्यांच्याकडे सरकवत, काहीतरी बरं बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मामा, आधी घरी फोन करा. राहिली म्हणावं नोकरी."

त्यांनी फोनकडे पाहिलं, पण उचलला नाही.

"कुणाला सांगू, बाई?" ते म्हणाले. "जिला सांगायचं, ती माझी नोकरी गेल्याची बातमी यायची वाट बघत बसली असेल."